विसंबून राहणे आणि विसंबणे : मराठी ख्रिस्ती उपदेशक आणि प्रार्थना

(अकादमीच्या वार्षिक व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



विषयाला हात घालण्याआधी एक कबुली देतो. गेली वीस-बावीस वर्षे मी पदवीच्या वर्गाला फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तला वेचा शिकवतो. गोव्यातला मराठीचा कोणताही अध्यापक शिकवतो तसाच शिकवतो. आधी कवीचा परिचय, मग ओवी छंद, मग मराठीच्या स्तुतीच्या त्या प्रसिद्ध ओव्या, मग भाषेतले कोकणी मिश्रण, आणि शेवटी परीक्षेला येऊ शकणारे प्रश्न. ग्रंथाच्या आरंभीचे नमन मी दरवर्षी ओलांडून पुढे जात असे. ‘हा परंपरेने आलेला मंगलाचरणाचा भाग’ एवढे म्हणायचे आणि पान उलटायचे.

काही वर्षांपूर्वी साष्टीतल्या एका ख्रिस्ती विद्यार्थिनीने तास संपल्यावर मला गाठले. ती म्हणाली, “सर, तुम्ही प्रार्थना सोडून दिलीत. आमच्या घरी पाव मोडण्यापूर्वीसुद्धा प्रार्थना म्हणतात. एवढा मोठा ग्रंथ लिहिणाऱ्याने ती उगीच म्हटली असेल का?”

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे उशिरा दिलेले ते उत्तर आहे. मी ख्रिस्ती नाही, उपदेशकही नाही. मी मराठीचा मास्तर आहे. त्यामुळे देव प्रार्थना ऐकतो की नाही यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण प्रार्थना करणाऱ्या माणसाच्या भाषेचे आणि त्याच्या कामाचे काय होते, हे मात्र आपल्या हाती असलेल्या ग्रंथांवरून तपासता येते.

सुरुवात एका क्रियापदापासून करतो. ते क्रियापद आहे ‘विसंबणे’. ‘मी तुझ्यावर विसंबून आहे’ म्हणजे माझी भिस्त तुझ्यावर आहे, माझा भार तुझ्यावर आहे. पण ‘आई लेकराला क्षणभरही विसंबत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा अर्थ पूर्ण बदलतो. तिथे विसंबणे म्हणजे नजरेआड करणे, विसरणे, हयगय करणे. एकाच क्रियापदात भरवसाही आहे आणि दुर्लक्षही आहे. हे मला नुसते भाषिक कुतूहल वाटत नाही. ज्याने कोणी पहिल्यांदा हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदताना ऐकले असतील, त्याला माणसाच्या स्वभावाची चांगली पारख असली पाहिजे. एखाद्यावर भार टाकला की आपला हात सैल पडतो. देवावर विसंबणारा माणूस कामाला, किंवा जवळच्या माणसाला, विसंबू शकतो. उपदेशकाच्या आयुष्यातला खरा पेच हाच आहे असे मला वाटते.

हा पेच ख्रिस्ती परंपरेच्या आरंभीच उभा राहिलेला दिसतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतली एक तक्रार नोंदवली आहे. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जात होते. बारा प्रेषितांनी सर्वांना बोलावले आणि सांगितले की आम्ही प्रार्थना व वचनाची सेवा सोडून पंगतीची व्यवस्था पाहणे बरे नाही. अनेक उपदेशक हा प्रसंग एवढाच सांगतात. पण त्याच सभेत त्या वाटपासाठी सात माणसे निवडली गेली, आणि त्या सातांची नावे ग्रंथात नोंदवली गेली. ‘आम्ही प्रार्थना करतो, विधवांचे देव बघेल’ असे कोणी म्हटले नाही. मूळ ग्रीकमध्ये अन्नवाटपाला आणि वचनाच्या सेवेला एकच शब्द आहे, ‘दियाकोनिया’. ताट वाढणे आणि शब्द वाढणे, दोन्ही एकाच नावाची सेवा.

दुसरे उदाहरण संत ऑगस्टीन यांचे. उत्तर आफ्रिकेतले हे बिशप धर्मांतरापूर्वी वक्तृत्वशास्त्राचे शिक्षक होते, म्हणजे आपल्याच व्यवसायातले. ख्रिस्ती उपदेशकाने कसे बोलावे याविषयी त्यांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकात लिहिलेले विवेचन आजही शिकवले जाते. लॅटिनमधल्या ‘ओरातोर’ या शब्दात वक्ता आणि प्रार्थना करणारा असे दोन्ही अर्थ आहेत. या श्लेषाचा आधार घेऊन ते सांगतात की उपदेशकाने बोलणारा होण्याआधी प्रार्थना करणारा व्हावे. पण लगेच ते दुसरी बाजूही मांडतात. पवित्र आत्माच शिकवतो, मग उपदेशकाने अभ्यास कशाला करायचा, असे म्हणणाऱ्यांना त्यांचा प्रतिप्रश्न आहे : मग प्रार्थना तरी कशाला करायची? आपल्याला काय हवे ते देवाला आधीच ठाऊक असते! वक्तृत्वाच्या या जुन्या शिक्षकाने आळसाची पळवाट तिथेच बंद करून टाकली आहे.

आता आपल्या मुलखात येऊ. स्टीफन्स जन्माने इंग्रज. १५४९ च्या सुमारास विल्टशायरमध्ये जन्म, १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात आगमन, १६१९ मध्ये इथेच मृत्यू. चाळीस वर्षे, त्यांतली बहुतेक साष्टीत. ते आले तो काळ निर्मळ नव्हता, आणि गोव्यात उभे राहून हे बोलताना ते झाकून ठेवणे बरे नाही. साष्टीतली देवळे पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट पाद्री मारले गेले, आणि पुढे बोलणीसाठी बोलावलेल्या गावकऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात ठार करण्यात आले. उपदेशकाच्या पाठीशी राजसत्तेची तलवार असेल तेव्हा तो देवावर विसंबला आहे की तलवारीवर, हा प्रश्न वाचकाने विचारलाच पाहिजे. माझ्या वर्गात तो विचारला जातो, आणि मी तो टाळत नाही.

पण त्याच काळात त्याच साष्टीत या माणसाने जे केले तेही नीट पाहिले पाहिजे. ‘ख्रिस्तपुराणा’त एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक जण पाद्रीला विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काय देणार? अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. माणसांची वाचा काढून घेतली गेली आहे याची जाणीव या प्रश्नात आहे, आणि ती जाणीव उपदेशकाने स्वतःच्याच ग्रंथात नोंदवून ठेवली आहे.

उत्तर द्यायला किती काळ लागला ते पाहा. ते आले १५७९ मध्ये आणि ग्रंथ रायतूरला छापला गेला १६१६ मध्ये. देवनागरी टाइप नव्हते म्हणून रोमन लिपीत. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापला गेला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने नकलून काढलेल्या पोथ्यांमुळे. १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्सनी इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले होते. कोकणीचे व्याकरण त्यांनी लिहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले. कोकणीतली ख्रिस्ती प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये निघाली. म्हणजे रोजच्या प्रार्थनेसाठी लोकांची कोकणी आणि पुराणासाठी इथल्या लोकांच्या कानावर असलेली ग्रंथभाषा मराठी, असा विवेक त्यांच्याकडे होता.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे आता वळतो. नमन उगीच होते का? मराठी पुराणिकाने आरंभी देवाला वंदावे ही रीत स्टीफन्सनी उचलली, यात शंका नाही. परंतु त्या रीतीत आणखी एक गोष्ट दडलेली असते. कवी तिथे आपले उणेपण कबूल करतो आणि बुद्धी मागतो. परक्या भाषेत लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडी ही कबुली केवळ अलंकार राहत नाही, ती वस्तुस्थिती असते. तिशीत भाषा शिकायला बसलेल्या परदेशी माणसाला प्रत्येक ओवीत चुकण्याची भीती असणार. तो देवाकडे शब्द मागतो आणि मग तो शब्द शोधायला साष्टीच्या माणसांकडे जातो. विसंबून राहिला, पण भाषेला विसंबला नाही. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने फर्मान काढून इथल्या भाषेच्या वापरावर घाव घातला. सत्तेने भाषेला जे केले ते या उपदेशकाने केले नाही, एवढा फरक आपण लक्षात ठेवावा.

दुसरी व्यक्ती पंडिता रमाबाई. जन्म १८५८, मृत्यू ५ एप्रिल १९२२. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक होते. सगळे कुटुंब तीर्थांतून फिरायचे, देवळात, घाटावर बसून पुराण सांगायचे, आणि श्रोते देतील त्यावर चालायचे. तेही एक विसंबून राहणेच होते. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले, थोरली बहीण गेली. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी त्या दिवसांकडे वळून पाहताना एक कठोर गोष्ट सांगितली आहे. व्रते, जप, दाने सगळे चालू होते, जवळचा पैसा संपला होता, पण हाताने कष्टाचे काम करून पोट भरण्याची विद्या घरात कोणाला शिकवलेली नव्हती आणि तसे काम करण्यात कमीपणा वाटत होता. भक्ती होती आणि उपासमारही होती.

म्हणून पुढे केडगावच्या मुक्तीत त्यांनी काय उभे केले ते महत्त्वाचे ठरते. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झाले तेव्हा अमेरिकेतल्या एका मंडळाने दहा वर्षे मदत करण्याचे मान्य केले होते. त्यानंतर कोणत्याही मंडळाच्या कायम आश्वासनाशिवाय, प्रार्थनेवर भिस्त ठेवून काम चालवण्याकडे त्या वळल्या. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते. म्युलर कोणा माणसापाशी पैसे मागत नसत, फक्त देवापाशी मागत, आणि त्यांच्या घरांत दोन हजारांवर मुले राहत. मात्र हेच म्युलर दरवर्षी आलेल्या पैशाचा तपशीलवार अहवाल छापत. प्रार्थनेचाही त्यांनी जमाखर्च ठेवला.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. १९०० पर्यंत मुक्तीतली संख्या दीड हजारांच्या आसपास गेली. विचार करा, दीड हजार ताटे, दोन वेळा. या घरात प्रार्थनेला केवढे स्थान होते ते सर्वश्रुत आहे. १९०५ मधले तिथले प्रार्थनेचे जागरण जगभरच्या ख्रिस्ती लोकांना माहीत झाले. पण त्याच आवारात शेती होती, गुरे होती, विणकाम होते, छापखाना होता. टाइप जुळवायला मुली-बायकाच होत्या. बापाच्या घरात जे नव्हते ते लेकीने आपल्या घरात आणले : देवाकडे हात जोडायचे, आणि जोडून झाल्यावर ते मोकळे करून कामाला लावायचे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी रमाबाईंचे शेवटचे काम विसरू नये. आधीचे मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, शिकलेल्यांनाच कळते, खेड्यातून आलेल्या बाईला कळत नाही, हे त्यांना बोचत होते. त्यासाठी संस्कृतच्या या पंडितेने उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, पूर्ण स्वरूपात बाहेर आले. ज्या स्त्रीच्या जिभेवर सरस्वती आहे म्हणून कलकत्त्याच्या पंडितांनी तिला पदवी दिली, तिने ती सारी विद्वत्ता शब्द सोपा करण्यात खर्च केली. देव माझ्या श्रोत्याशी बोलेल असा भरवसा असेल, तर श्रोत्याला कळेल असा शब्द शोधणे माझे काम उरते. उपदेशकाच्या प्रार्थनेची खूण मला इथे सापडते.

तिसरे नाव रेव्हरंड ना. वा. टिळक. १८६१ चा जन्म, १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा, ९ मे १९१९ ला मृत्यू. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वीसेक वर्षे काम केले, ‘ज्ञानोदया’त लिहिले, अभंग रचले, कीर्तने केली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. मिशनचा पगार घेऊन केलेला उपदेश लोकांच्या कानात नोकरीसारखा वाजतो, ही खंत त्यांना होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत असा त्यांचा विचार होता. उपदेशकाने सर्वस्वी देवावर विसंबून राहावे याचे याहून उत्कट उदाहरण आपल्या साहित्यात मिळणार नाही.

आणि इथेच मला थांबावे लागते, कारण या घराची हकिकत आपल्याला सांगितली आहे लक्ष्मीबाईंनी. १९३४ ते १९३६ या काळात ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध झाली. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. घरात कधी कोण येऊन राहील याचा नेम नसे. धर्मांतर करताना त्यांनी बायकोला आधी विश्वासात घेतले नव्हते, आणि पुढची चार-पाच वर्षे ती लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहिली. हे सारे लक्ष्मीबाई हसत सांगतात, म्हणून आपणही हसत वाचतो. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो, दुसऱ्यांदा वाचताना हसण्याच्या मागे बघा. टिळक देवावर विसंबून होते, पण चूल लक्ष्मीबाईंवर विसंबून होती. घरातल्या पुरुषाने उद्याची चिंता देवावर सोपवली की ती आधी स्वयंपाकघरात येते.

यात लक्ष्मीबाईंची तक्रार आहे असे मी म्हणणार नाही. १९०० मध्ये त्या स्वतः आपल्या विचाराने ख्रिस्ती झाल्या, नवऱ्याच्या मागून फरफटत नव्हे. त्यांचा विश्वास त्यांचा होता. टिळकांनी अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे प्रचंड काम त्यांनीच केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने महाकाव्याचे अध्यायच्या अध्याय रचले. पण नवऱ्याच्या दरबाराचा हिशेब घरातून कसा दिसतो हे त्यांनी लपवले नाही, आणि त्यांच्या पुस्तकाइतका प्रामाणिक पुरावा मला दुसरीकडे मिळाला नाही.

हे बोलताना मी स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही. माझा पीएच.डी.चा प्रबंध मराठी आत्मचरित्रांवर आहे. तो लिहीत होतो ती सहा वर्षे घरात दोन लहान मुले होती, माझी आई अंथरुणाला खिळलेली होती. मी लक्ष्मीबाईंच्या कष्टांवर प्रकरण लिहीत असे आणि शेजारच्या खोलीत माझी पत्नी आईची कूस बदलत असे. प्रबंध पूर्ण झाल्यावर ऋणनिर्देशात मी तिला एक ओळ दिली. ग्रंथपालांना तीन ओळी दिल्या होत्या. मी देवावर विसंबलो नव्हतो, तिच्यावर विसंबलो होतो, आणि तिलाच विसंबलो होतो. त्या क्रियापदाचे दोन्ही अर्थ मला कोशात सापडण्याआधी माझ्या घरात होते. आई गेल्यावर बऱ्याच वर्षांनी हे मी पत्नीशी बोललो. ती म्हणाली, “आता कळलं ना, मग वर्गात सांगा.” म्हणून सांगतो आहे.

मित्रहो, या तिघाचौघांना एकत्र ठेवल्यावर मला काय दिसते ते थोडक्यात मांडतो. उपदेशकाची प्रार्थना खरी की रीतीपुरती, हे तिच्या शब्दांवरून ठरत नाही. तिच्यानंतर तो काय करतो यावरून ठरते. स्टीफन्स प्रार्थनेनंतर भाषा शिकले. रमाबाई प्रार्थनेनंतर धान्य मोजायला आणि प्रुफे तपासायला गेल्या. पौलाची गोष्टही अशीच. आपण दुबळेपणाने, भीत भीत बोललो असे त्याने करिंथकरांना लिहिले, बोलायला शब्द मिळावा म्हणून माझ्यासाठी प्रार्थना करा अशी विनंती इफिसकरांना केली, आणि तोच पौल करिंथात तंबू शिवून पोट भरत होता. टिळकांच्या बाबतीत मात्र त्यांच्या भरवशाचा एक भाग दुसऱ्या कोणी वाहिला, आणि ते ओझे वाहणाऱ्या व्यक्तीनेच ते आपल्याला दाखवून दिले. टिळकांचे थोरपण यामुळे उणे होत नाही. मात्र त्या थोरपणाची किंमत कोणी चुकवली ते कळते.

आपण अध्यापक मंडळी कोणत्याही धर्माची असोत, वर्गात उभे राहतो तेव्हा थोडेसे उपदेशकच असतो. तासाला जाताना जिन्यात मी आता क्षणभर थांबतो. ती प्रार्थना आहे की नाही हे मला सांगता येणार नाही. ‘आज जे सांगणार आहे ते मला पुरते कळलेले नाही’ एवढीच आठवण मी स्वतःला करून देतो. त्यानंतर तासाची तयारी जरा अधिक नीट होते आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नांचा राग जरा कमी येतो, हा माझा अनुभव आहे.

आणि ‘ख्रिस्तपुराणा’चे नमन मी आता सोडत नाही. पहिला पूर्ण तास त्यालाच देतो. परीक्षेला ते येत नाही, तरीही देतो. वर्गात हिंदू मुले असतात, ख्रिस्ती असतात, मुसलमान असतात. मी त्यांना विचारतो, तुमच्या घरी कामाला आरंभ करताना काय म्हणतात? प्रत्येकाकडे काहीतरी असते. कोणाकडे गाऱ्हाणे, कोणाकडे बिस्मिल्ला, कोणाकडे क्रुसाची खूण. मग पुढचा प्रश्न विचारतो : आणि ते म्हणून झाल्यावर काम कोण करते? त्या प्रश्नावर बहुतेक मुली एकमेकींकडे पाहून हसतात. चारशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ त्या क्षणी वर्गात येऊन बसतो.

ज्या विद्यार्थिनीने मला हा धडा दिला ती आज एका शाळेत मराठी शिकवते. ती नमन सोडत नसणार, याची मला खात्री आहे.